जाताना पाच तास, येताना सोळा

बुधवार, १५ नोव्हेंबर. नळाला पाणी वेळेवर. धाकटी सुखरूप पोचली. भाऊजी अजून वजाबाकी करत आहेत.

हे भाऊजी म्हणजे धाकट्या जावेचे यजमान. बस डेपोत कंट्रोलर होते. तीस वर्षं त्यांनी पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली आणि उत्तर फळ्यावर खडूने लिहिलं. त्या एका गणितावर नोकरी निभावली, संसार झाला आणि निवृत्तीनंतर जगाला अक्कल शिकवण्याचं कामही जोरात सुरू झालं.

त्यांची लेक परदेशात बाळंत व्हायची होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. धाकटीला वेळेत तिच्याजवळ पोचायचं होतं, एवढंच. व्हिसा आला होता, बॅग पलंगाखाली भरून तयार होती. पण कंट्रोलरसाहेबांनी विमानाची वेळ पाहिली. दुपारी दोनला सुटतं, संध्याकाळी सातला पोचतं. झालं!

"पाच तास," ते म्हणाले. "आतापासून जाऊन जावयाच्या घरी काय ठाण मांडायचं? कळा सुरू झाल्या की निघू."

"साडेसात हजार किलोमीटर आहे म्हणे," धाकटी म्हणाली.

"मग? ताशी पंधराशेचा वेग. विमान आहे ते, रिक्षा नाही."

"आणि येताना दोनला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला? सोळा तास?"

साहेबांचा एवढा अनुभव वाया थोडाच जातो! "वारा उलटा असतो. घाटात नाही का, उतरताना पटकन, चढताना रखडत."

धाकटी कणीक मळायला उठली. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईला त्याचा सराव असतो. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. रात्री जेवणं आवरून ती लेकीला फोन लावी, तेव्हा पडद्यावर लेकीच्या खिडकीत लख्ख ऊन असे.

शेवटी सोमवारी तिने साहेबांना तिकिटांच्या दुकानात नेलं. तिथली मुलगी म्हणाली, "साडेदहा तास लागतात, काका. तिकडचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं."

"मागे असेल तर दुरुस्त करा म्हणावं!" साहेब कडाडले. "माझ्या डेपोत पाच मिनिटं मागे पडलेलं घड्याळ मी भिंतीवरून उतरवून ठेवायचो."

धाकटीने पर्स उघडली. "उद्याचं एक तिकीट द्या."

"एकच?" साहेबांचा आवाज उतरला.

"तुम्ही कळा सुरू झाल्यावर निघा ना. पाच तासांचं तर अंतर."

काल दुपारी ती गेली. सातच्या ठोक्याला साहेब फोन घेऊन वरच्या मजल्यावर माझ्याकडे, थोरल्या वहिनीकडे हजर. "वहिनी, पोचल्याचा निरोप नाही. गाडी वाटेत बंद पडली असणार." मग ते बसले ते बसलेच. मध्यरात्र उलटल्यावर फोन वाजला.

"पोचले हो," धाकटी म्हणाली. "इथे आत्ता सात वाजलेत."

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा वहिनी! सात म्हणजे सात. मी म्हटलंच होतं."

लेकीला कळा त्यानंतर तासाभरात सुरू झाल्या. साहेबांच्या बेताप्रमाणे निघाले असते, तर नातच त्यांना घ्यायला विमानतळावर आली असती. आज संध्याकाळी कळलं, मुलगी झाली. बाळाला पहिल्यांदा कुशीत घेतलं ते आजीने. साहेबांनी डोळे पुसले, मग हळूच विचारलं, "जन्माची वेळ कुठली धरायची, वहिनी? इथली की तिथली?"

दुधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगितले. भाऊजी महिनाभर वरच जेवतील.