फॉस्टिनचे पांढरे दिवे

वायरीच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची सभा भरली आणि फॉस्टिन बोलला नाही, असं कधी झालं नाही. विषय ठरलेला, एलईडीच्या बोटी. भर समुद्रात झगझगीत दिवे लावून सगळी मासळी तिकडेच ओढली, तर किनाऱ्यावरून ओढायच्या आमच्या रापणीच्या जाळ्यात काय वाळू येणार, असं तो विचारी. मग उजेड ही गोष्ट मुळातच किती घातक, यावर रणरणत्या उन्हात उभा राहून बोले.

अशा माणसाने घरापुढच्या खळ्यात तसलेच दोन दिवे लावले. दुकानदाराला म्हणाला, चर्चच्या सणाला, कपेलाच्या फेस्ताला हवेत. खरं कारण पेद्रू. हा म्हातारा कुत्रा हल्ली तिन्हीसांजेला खांबांवर आपटू लागला होता. काळोखात दिसत नाही, तर उजेड वाढवावा, इतकं सोपं. शेजारच्या कोंबड्यांची झोप उडाली. पेद्रू मात्र डोळे मिचकावत उपड्या होडीखाली जाऊन बसे, आणि फॉस्टिन त्याला ओढून परत उजेडात आणी. सवय होईल, म्हणे.

शेवटी बायको रोझालिना दोघांनाही जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर रसिकाने पेद्रूचे डोळे तपासले, दिव्यांची हकीकत ऐकली आणि सांगितलं, "डोळ्यामागचा पडदा आधीच झिजलाय. धडधाकट डोळा जो उजेड सोसतो, तोच अशा डोळ्याची उरलीसुरली नजर लवकर घालवू शकतो. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं तर दिवे काढा, दुपारी सावलीत ठेवा."

फॉस्टिन ताठ झाला. सभेतली ठेवणीतली मराठी काढून म्हणाला, "याला शास्त्रीय पुरावा काय?"

वाक्य त्याचं नव्हतं. एलईडीवाले प्रत्येक सभेत नेमकं हेच विचारत, आणि तो लालेलाल होई.

"माशांका उजवाड वायट, आणि आपल्या कुत्र्याक बरो?" रोझालिना म्हणाली. "तुमचा नक्की म्हणणा काय?"

डॉक्टर खरोखरच पुरावा सांगू लागल्या. कुठल्या कुत्र्यांवर काय अभ्यास झाला, वगैरे. अर्ध्यातच फॉस्टिनने पेद्रूला उचललं आणि तो बाहेर पडला.

घरी येऊन त्याने शिडी लावली, दिवे उतरवले. नजर किती उरली असेल, हे विचारायचं मात्र त्याने टाळलं होतं. संध्याकाळी तो पायरीवर बसला. मुद्दाम हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने पेद्रू होडीखालून निघाला, खांब चुकवत, आणि त्याच्या गुडघ्यापाशी येऊन थांबला.

"पेद्रून माका बघल्यान," फॉस्टिनने आत कळवलं.

फॉस्टिनच्या अंगाला सकाळपासून बांगडा मासळीचा वास येत होता. रोझालिनाने तो विषय काढला नाही.