कामशेतपुढं बंद पडलेली फटफटी

फटफटीवाल्यांनो, आज आपण जिंकलो!

मी लोणावळ्याचा मन्यार. बेडशाला नवरीला चुडा भरायचा होता आणि चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही. लष्कराच्या लिलावातून घेतलेली माझी फटफटी कामशेत सोडलं आणि बंद पडली. थोड्या वेळानं चालू झाली, जरा पुढं जाऊन पुन्हा बंद!

आधी हवेची जाळी काढून धूळ झटकली. मग टाकीखालची पेट्रोलची जाळी पुसली. रेशनचं पेट्रोल, थेंबही सांडू दिला नाही. तरी गाडी ढिम्म. शेजारून बैलगाडी गेली. गाडीवान आबा हसले, "मन्यारभाऊ, बांगड्या द्या हिकडं, मी पोचवतो. तुमी या सावकाश!"

असला राग आला! पेट्रोल तरी आहे का, म्हणून टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते कुंकवानं गच्च भरलेलं! कालच शेजारच्या मावशीनं गाडीची पूजा केली होती. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना.

बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं. पहिल्याच किकला सुरू! आबांच्या बैलांना मागं टाकून हळदीआधी पोचलो, नवरीचे दोन्ही हात भरले.

परत आलो तर मावशी दारातच. "पोचलास न्हवं येळेवर? माझ्या कुंकवाचा गुण!"

"व्हय मावशी," म्हटलं. "पण पुढच्या बारीला कुंकू पुढच्या दिव्याला लाव."

खरं कारण पोटातच ठेवलं. तुम्ही सांगितलं असतं का?