निळं पडणारं दूध

चहा घ्या आधी, आणि दुधाचा विषय काढलातच तर माझी फजितीही ऐका. हसायचं ते शेवटी हसा, कारण तेव्हा मी पुरती घाबरले होते.

मिस्टरांची रेल्वेतली बदली भुसावळहून जयपूरला झाली तेव्हाची गोष्ट. आम्ही मालवीय नगरात राहायचो. त्या हिवाळ्यात जो तो नकली दुधाबद्दलच बोलायचा. कुणी म्हणे युरिया घालतात, कुणी म्हणे कपडे धुवायची पावडर. त्यात आमचा दूधवाला रामजीलाल यायचा शहराबाहेरच्या कानोता गावाहून, दाट धुक्यातून, तोंडाला मफलर गुंडाळून. नुसते डोळे दिसायचे. एक शब्द न बोलता पातेल्यात दूध ओतायचा आणि पुन्हा धुक्यात दिसेनासा व्हायचा. आता सांगा, संशय येणार नाही?

एका रविवारी आरोग्य खात्याची तपासणीची गाडी आमच्या चौकात आली. घरचं दूध आणा, फुकट तपासून देतो, म्हणाले. मी पातेलं घेऊन सगळ्यांच्या पुढे. तपासनीस बाईंनी नळीत थोडं दूध उकळलं, गार केलं आणि आयोडीनचे थेंब टाकले.

दूध निळं झालं. वरून खाली, हळूहळू, शाई उतरावी तसं. गर्दी माना उंचावून बघायला लागली.

"स्टार्च है," बाई म्हणाल्या. म्हणजे कुणीतरी पिठासारखं काही मिसळलेलं.

झालं, माझी जीभ सुटली. पलीकडच्या गल्लीत दूध घालणाऱ्या रामजीलालला मीच बोलावून आणलं. "भैया, बच्चों को क्या पिलाते हो?"

"भाभीजी, भैंस की सौगंध, कुछ नहीं मिलाया. इसी से घर चलता है."

मी ऐकते कसली? शेजारीपाजारी तर उद्यापासून येऊच नकोस म्हणायला लागले. त्याचा चेहरा पार उतरला.

पण बाई ठाम. "आपके बर्तन से केस नहीं बनता. सैंपल इनके डिब्बे से लेंगे."

डब्यातलं दूध निळं झालं नाही. पुन्हा बघितलं, तेच. मग माझ्या पातेल्यातलं पुन्हा घेतलं, तर निळंशार.

म्हणजे डब्यात दूध चांगलं, आणि आमच्या उंबरठ्याच्या आत आलं की निळं! बायका माझ्यापासून जरा लांब सरकल्या. सासूबाई कानाशी पुटपुटल्या, "या घरात काहीतरी आहे गं. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." खरं सांगते, अंगावर काटा आला. मागे वळून आमच्या उघड्या दाराकडे बघायचा धीर होईना.

बाईंनी पातेलं रिकामं केलं आणि तळाच्या कडेला नख घासलं. पातळ पापुद्रा निघाला. "इसमें और क्या पकाती हैं आप?"

साबुदाण्याची खळ! सुती साड्यांना लावायची खळ मी दर शनिवारी त्याच पातेल्यात शिजवायची. आणि जयपूरच्या थंडीत गार पाण्यात हात घालवत नाही म्हणून पातेलं नुसतं विसळून ठेवायची.

बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, दूध चांगलं आहे. रामजीलालची गिऱ्हाइकं वाचली. मी माफी मागितली, पण लाजेने मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी पातेलं पुढे केलं. त्याने दूध ओतलं नाही.

"भाभीजी, पहले बर्तन दिखाइए."

पातेलं उजेडात धरून, आत बोट फिरवून, वास घेऊन मगच दूध ओतलं. तिथून बदली होईपर्यंत रोज सकाळी आमच्या दारात तपासणी व्हायची, आणि मी रोज पास व्हायचेच असं नाही.