वैशूची दोन वर्षं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या पुतणीचं, वैशूचं वय मी दोन वर्षांनी कमी केलं. तिला घेऊन गाव सोडलं त्या दिवशी कमी वयाचा तो शाळेचा दाखला माझ्या शर्टाच्या खिशात होता, आणि कुंडलच्या स्टँडवर पोचवायला आलेली माणसं माझ्या पाठीवर थाप मारत होती.

फेब्रुवारी होता. वहिनी तासगावच्या बेदाणा शेडवरनं अर्धा दिवस मागून आली होती. बोटं चिकट म्हणून लेकीच्या तोंडावरनं उलटा हात फिरवत होती. दादा, माझा थोरला भाऊ, पलटणीतून रजेवर आला होता. "आता तूच तिचा बाप," एवढंच बोलला आणि एसटीच्या चाकाकडं बघत राहिला. मी मान डोलावली.

मी गावच्या शाळेत खेळाचा शिक्षक होतो. त्याआधीच्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शाळेत शिरलं आणि सगळं दप्तर भिजलं. रजिस्टरची पानं आम्ही पंख्याखाली वाळवली. जसं लागेल तसं वाचून नव्या वहीत उतरवायचं होतं. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडं आलं. त्याच सुमारास बंगळुरूच्या एका बास्केटबॉल अकादमीची निवड चाचणी सांगलीत ठरली. तेरा वर्षांखालच्या मुली, जागा एकच, आणि निवडलेल्या मुलीच्या शिक्षकाला सहायक कोच म्हणून नोकरी. वैशू चौदाची होती. पाणी तिच्या ओळीपर्यंत गेलंच नव्हतं, शाई स्वच्छ दिसत होती. तरी नव्या वहीत मी तारीख दोन वर्षं पुढची लिहिली. जन्माची नोंद तिच्या आजोळी कुणी केलीच नव्हती. नव्या वहीवरून शाळेचा दाखला निघाला, आणि आधारसुद्धा मग त्या दाखल्यावरूनच दुरुस्त झालं.

"काका, मी खरी कितीची?" तिनं विचारलं होतं.

"कागद सांगंल तेवढ्याची," मी म्हणालो. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

चाचणीत वैशूच्या खालोखाल फलटणची एक पोरगी होती, आयेशा. बारा वर्षांची, खरीखुरी बारा वर्षांची. वडील शिंपी, त्यांनी पाठीवर नंबर शिवून दिला होता. वैशू तिच्यापेक्षा वीतभर उंच. निकाल लागल्यावर आयेशा माझ्याकडं आली आणि पुढच्या साली परत चाचणी घेतील का म्हणून विचारू लागली. घेतील की, मी म्हणालो. पुढच्या साली चाचणी नाही, हे मला ठाऊक होतं.

आता बंगळुरूत सहा वर्षं झाली. सकाळी पोरींना कानडीत 'बेगा बेगा' म्हणत पळवतो, दुपारी मेसमध्ये सांबार-भात खातो, फोनवर गावाकडचं बोलायला लागलो की मधेच 'डिफेन्स' आणि 'रिकव्हरी' घुसतं. वैशू लीगमध्ये गेली, दुसऱ्याच हंगामात कर्णधार झाली. अठरा वर्षांची कर्णधार म्हणून पेपरात फोटो येतात. कुणी माइक पुढं करून वय विचारलं की ती आधी गर्दीत मला शोधते. नजर सापडली की मग आकडा सांगते. टीव्हीवर ते अर्ध्या सेकंदाचं असतं, कुणाच्या लक्षात येत नाही.

हे मी तिच्यासाठी केलं की माझ्या नोकरीसाठी, मला अजून उलगडत नाही. कधी वाटतं, ही पोरगी तशीही पुढं आलीच असती. मग वाटतं, असती तर मी वाट का बघितली नाही? तिचा डाव्या हाताचा ले-अप, धावत येऊन बॉल जाळीत सोडणं, बघताना ऊर भरून येतो आणि त्याच क्षणी मान खाली जाते. दोन्ही एकदम होतं, त्याला काय म्हणायचं ते कळत नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात सामना होता. संपल्यावर गुणलेखकांच्या टेबलावरची एक मुलगी सेल्फी मागायला आली. आयेशाच ती. शिकत शिकत स्कोरिंगचं काम करत होती. मनात काही न ठेवता हसत म्हणाली, "ताई, आपण एकाच ट्रायलला होतो. तुमी तवाबी लय उंच होता. मी घरी जाऊन अब्बांना म्हटलं, ती पोरगी मला बारा वर्षांची वाटंना."

वैशू हसली. फोटो काढला. बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही.

आठवड्याभरात देशाच्या युवा संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. त्याला वयाची अट आहे. कागदावर वैशू बसते. ती माझ्या खोलीत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मी न्हाई जाणार काका. एवढी वर्षं त्या कागदावर खेळले, आता न्हाई. तिथं एखाद्या पोरीची जागा असंल."

कारण काय सांगशील, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमचं नाव न्हाई सांगणार." एवढं बोलून दार ओढून गेली.

तेव्हापासून तिला सगळे बोलतायत. डोक्यात हवा गेली, देशापेक्षा लीगचा पैसा मोठा झाला. गावाकडनंही फोन येतात. दादाचा आला. दोन युद्धसराव, एक बर्फातलं ठाणं, असं आयुष्य काढलेला माणूस मला विचारत होता, "माझी पोरगी देशाला न्हाई म्हणली व्हय रं?" मी म्हणालो, बघतो.

घर म्हणजे मला आधी वहिनीची भाकरी वाटायची, दादाचा आवाज वाटायचा. आता वेगळं वाटतं. वैशू झाली त्या साली आमच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी लागलं, आणि दादानं काठावरच्या ओल्या सिमेंटात साल कोरलं. पाणी भरायला येणारी कुठलीही बाई तिचं वय चुकवणार नाही. म्हणून मी सहा वर्षांत दोनदाच गेलो, आणि दोन्ही वेळा मळ्याकडं फिरकलो नाही. जिथं माझी लबाडी चालत नाही ते घर, आणि तिथंच मला जाता येत नाही.

बास्केटबॉल संघटनेची नोटीस आली आहे. शिबिर का नाकारलं, त्याचं लेखी उत्तर वैशूनं पंधरा दिवसांत द्यायचं आहे. त्यातले नऊ दिवस गेले. ते उत्तर तिचं नाही, माझं आहे. त्यात लिहायचं आहे की तारीख मी बदलली, आणि चौदा वर्षांच्या पोरीला गप्प बसायला मीच शिकवलं. त्याची एक प्रत फलटणला आयेशाच्या घरी मी स्वतः नेऊन द्यायची आहे. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.