जावई रुसले असं आम्हाला वाटलं

धोंड्याच्या महिन्यातला दुसरा बुधवार. सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो होतो. मी, पत्नी सुनंदा, मुलगी अश्विनी, विहीणबाई आणि माझा मेहुणा बाळासाहेब. तोपर्यंत चाळीस हजार रुपये अनामत भरून झाली होती. जावई विक्रांत वरच्या मजल्यावर, गळ्याजवळचं हाड मोडून पडले होते.

डॉक्टर म्हणाले, “यांना फिट आली होती. फोकल सीझर, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातली. गाडी रस्ता सोडून गेली तेव्हा ते भानावर नव्हते.”

माझा विश्वास बसला नाही. हाड मोडलेल्या माणसाच्या डोक्याची तपासणी कशाला, हा संशय मला पहिल्या दिवसापासून होता. ईईजी झाला होता. डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, तो. मग एमआरआय झाला. प्रत्येक तपासणीला मी “ही का?” म्हणून विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी “करून घेऊ” एवढंच उत्तर मिळालं होतं.

दुसरा संशय विहीणबाईंवर होता. फिट येणारा मुलगा त्यांनी आमच्या गळ्यात बांधला की काय? डॉक्टरांनी त्यांना विचारलं, आधी कधी असं झालं होतं का. त्या म्हणाल्या, “न्हाई ओ. कवाच न्हाई. माझं पोरगं लय शांत हाय.” बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी तेही लक्षात ठेवलं.

मग डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना एक प्रश्न विचारला. तो सांगण्याआधी अपघाताचा दिवस सांगायला हवा.

आम्ही तासगावचे. मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो. अश्विनीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. विक्रांत साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. माणूस निर्व्यसनी, असं चौकशीत कळलं होतं. पण चैत्रात अश्विनी माहेरी आली ती परत जायचं नाव काढेना. आईजवळ एवढंच म्हणाली, “मी बोलत असते आणि ते माझ्या आरपार बघतात. हाक मारली तर उत्तर नाही. जरा वेळानं विचारतात, काय म्हणालीस?” मी याचा एकच अर्थ लावला. दुसरीकडे कुठेतरी मन आहे.

अधिक महिना आला. जावयाला धोंड्याला बोलवावंच लागतं. त्या निमित्ताने पोरगी परत धाडायची की ठेवून घ्यायची, हे ठरवायचं असं मी आणि सुनंदाने योजलं होतं. पुण्यात जेसीबीची कंत्राटं घेणारा बाळासाहेब मुद्दाम आला, तो नवीच गाडी घेऊन. नवी म्हणजे त्याला नवी. दोन दारांची, पिवळी, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार. साडेचारशे हॉर्सपॉवर, म्हणजे आमच्या ट्रॅक्टरच्या दहापट. गल्लीतली पोरं बोनेटवर हात ठेवून फोटो काढत होती.

विक्रांतना पाटावर बसवलं. औक्षण झालं. तेहतीस अनारशांचं ताट आणि वर चांदीचा दिवा दिला. पुरणाचे धोंडे वाढले. दुसऱ्या धोंड्याला त्यांनी हात लावला आणि थांबले.

ताटाकडे बघत बसले. एका हाताने शर्टाचं बटण चाचपत राहिले. सुनंदा म्हणाली, “तूप वाढू का?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही.

आमच्याकडे जावई जेवता जेवता थांबला की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. दिव्यावर भागलं नाही, अंगठी पाहिजे. मी मनात सोन्याचा भाव धरला आणि रागही धरला. पोरीशी धड बोलत नाही आणि वर रुसतो. पण रुसलेल्या जावयाला काय झालं म्हणून कोणी विचारत नाही. त्याची समजूत काढतात.

समजूत बाळासाहेबाने काढली. खिशातली किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. “घ्या, पावणं. दिवा ऱ्हाऊ द्या. येक चक्कर मारून या, राग कुठल्या कुठं जाईल.”

विक्रांतनी मान वर केली, झोपेतून उठल्यासारखं आमच्याकडे बघितलं आणि हसले. सगळे हसलो. किल्ली लागू पडली, असं प्रत्येकाला वाटलं.

ते चालवायला बसले. बाळासाहेब शेजारी बसला. सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर सरळ पट्ट्यात गाडी डावीकडे वळली, चर ओलांडून द्राक्षबागेत घुसली आणि वेलींच्या मांडवाचे लोखंडी अँगल, तारा तोडत पाचव्या ओळीत अडकली. बागमालकाची माणसं सकाळचं काम आटोपून घरी गेली होती, म्हणून कुणाला लागलं नाही. बाळासाहेबाला खरचटलं.

मी दुसऱ्या दिवशी जागा बघून आलो. रस्त्यावर टायरची एकही काळी रेघ नव्हती. ब्रेक मारलाच नव्हता. दारू म्हणावी तर डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, त्यात काही निघालं नाही. मग उरलं काय? मुद्दाम घातली? माझ्या पोरीला सोडायचं म्हणून माणूस या थराला जाईल?

बाळासाहेबाला विचारलं की तो “गाडीच उधळली, दाजी” म्हणायचा आणि मोबाइलमध्ये तोंड घालायचा. त्याला विम्याची काळजी होती हे मला दिसत होतं. तो काहीतरी लपवतोय हेही दिसत होतं.

तर डॉक्टरांचा प्रश्न असा होता. “गाडीत बसण्याआधी ते कसे होते? काही वेगळं जाणवलं?”

विहीणबाईंच्या समोर, जावई जेवताना रुसले होते, असं कोण सांगणार? मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो.

सुनंदा बोलली. “रुसलेले, डॉक्टर. जेवताना.”

विहीणबाई ताठ झाल्या. “माझा पोरगा रुसणारा न्हाई, वयनी.”

डॉक्टरांनी हात वर करून दोघींना थांबवलं. “रुसले म्हणजे नेमकं काय केलं? करून दाखवा.”

सुनंदाने नजर एका जागी लावली. ब्लाउजच्या कडेला बोटं चाळवत राहिली. आणि तोंड हलवलं, घास नसताना चावल्यासारखं. हे तोंड हलवणं मी बघितलं नव्हतं. तिने वाढताना बघितलं होतं.

बाळासाहेब एकदम म्हणाला, “गाडीत बी असंच. तोंड चालू, पान खाल्ल्यागत. म्या वरडतोय, ह्यांचा पाय दाबलेलाच. मला वाटलं मस्ती करत्यात. पोलिसांना सांगितलं असतं तर म्हणाले असते नशा केलीया.”

“घरीपण असंच करतात,” अश्विनी म्हणाली. “मी भांडायचे त्यांच्याशी.”

डॉक्टर तिला म्हणाले, “तुमच्यावर राग नव्हता तो. तेवढ्या वेळात त्यांना तुम्ही दिसतही नव्हता, ऐकूही येत नव्हता.”

ती रडली. विहीणबाई उठून तिच्याजवळ गेल्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हा पटलं. मुलगा लहानपणापासून मध्येच गप्प होतो, याला त्या शांत स्वभाव समजत आल्या होत्या.

एमआरआयमध्ये बारीक ठिपका निघाला. कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा, म्हणजे पूर्वी कधीतरी जंतूंमुळे झालेल्या गाठीचा वाळून कडक झालेला डाग. त्याच्या आसपास मेंदूत वीज चुकते. तरी मी फिल्म घेऊन साताऱ्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनीही तेच सांगितलं. मग मी संशय सोडला.

गोळ्या सकाळ-संध्याकाळ, न चुकता. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी हातात घ्यायची नाही, दुचाकीही नाही. विहिरीत एकट्याने पोहायचं नाही.

हे लिहिण्याचं कारण एवढंच. फिट म्हणजे हातपाय झाडणं, तोंडाला फेस, एवढंच आम्ही समजत होतो. तुमच्या घरी कोणी बोलता बोलता थांबत असेल, एकटक बघत असेल, रिकामं तोंड चावत असेल, तर त्याचा राग धरू नका आणि समजूतही काढू नका. मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर पाहुण्यांदेखत सांगा. सुनंदा त्या दिवशी बोलली नसती तर मी अजून टायरच्या रेघा शोधत बसलो असतो.

अश्विनी श्रावणात साताऱ्याला परत गेली. त्याच्या आदल्या रात्री विक्रांत मला म्हणाले, “पप्पा, आता मला सगळीकडे कुणीतरी न्यायला लागणार.” मी म्हटलं, नेईल की.

बागेच्या तारा, अँगल आणि वेलींची भरपाई बाळासाहेबाने मालकाला दिली, घासाघीस न करता. रुग्णालयाचं बिल विम्याचे पैसे वजा जाऊन विहीणबाईंनी आणि मी निम्मं निम्मं भरलं. अंगठी केली नाही. तिच्याऐवजी, सासरी जाण्याआधीच अश्विनीला गाडी शिकवायचं ठरवलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई पावती करत होत्या, तेवढ्यात सुनंदा मागून म्हणाली, “आवं, माझं बी नाव घाला की.”

सहा हजार पाचशेप्रमाणे दोन नावांचे तेरा हजार रुपये मी त्या बाईंना रोख दिले.