मंडळाचा दुधी

आमच्या लातूरच्या कॉलनीला पहाटे उठायची सवय लागली ती भूकंपामुळे. तेव्हा घरात झोपायची कुणाची छाती होत नव्हती, अंथरुणं सगळी मैदानात. उजाडायच्या आधीच थंडीनं जाग यायची, मग नुसतं बसून काय करायचं म्हणून माणसं चालायला लागली. पुढं भीती ओसरली, अंथरुणं घरात गेली, चालणं तेवढं राहिलं. मी बारावीला गेले तोवर त्या चालण्याचं रीतसर मंडळ झालं होतं आणि माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, त्यातले सगळ्यात उत्साही सभासद होते.

अण्णा शाळामास्तर, मूळचे मुखेडचे. माझी क्लासची बॅच पहाटेची. मला लूनावरून क्लासच्या दारात सोडायचं आणि तसंच मैदान गाठायचं, हा त्यांचा नेम. क्लास सुटला की परत न्यायलाही तेच यायचे. काय दिवस होते ते! नायगाव, देगलूर, उदगीर, कुठून कुठून क्लाससाठी आलेल्या पोरांनी गाव नुसतं फुलून गेलं होतं. गल्लीगल्लीत खोल्या, खानावळी, सायकली. जो तो कशात तरी पहिला येण्याच्या मागं. हे वारं अण्णांच्याही अंगात शिरलं होतं. त्यांना फक्त विषय मिळायचा होता, तो रक्ततपासणीत मिळाला. शुगर निघाली.

डॉक्टरांनी गोळी दिली. रोज चाला, गोड बंद करा, भात कमी, भाजी जास्त, जेवण वेळेवर, बस्स. अण्णा चक्क हिरमुसले. "एवढंच? हे तर तुझी आईबी सांगती," असं मला म्हणाले.

मंडळात मात्र इलाजांची खाणच होती. आधी आली भिजवलेल्या मेथीची लाट. मेथीनं कुणाचं वाईट झालं नाही, पोट साफ राहिलं, एवढं मी मान्य करते. मग कुणीतरी आणला फळांचा डाएट. भाकरी बंद, नुसती फळं! अण्णांनी पिशवी भरभरून चिकू, केळी, द्राक्षं आणली आणि अशा थाटात खाल्ली की आम्हाला हेवा वाटावा. पुढच्या तपासणीत शुगर उतरायची सोडून चढलेली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, फळं चांगलीच, पण साखर त्यातही असते. एखादं खा, टोपलीभर नाही." अण्णांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नवीन इलाजाच्या शोधाला लागले.

तो इलाज म्हणजे दुधीचा रस. मैदानासमोर चाचांचं घर होतं. चाचा म्हणजे अण्णांचे चालण्यातले जोडीदार, कापडाच्या दुकानाचे मालक, त्यांनाही शुगर. त्यांच्या ओट्यावर मंडळानं वर्गणीचा मिक्सर बसवला. चालून आलं की दुधी किसायचा, फिरवायचा, गाळायचा आणि ग्लासाला ग्लास भिडवून प्यायचा. सगळी पुरुषमंडळी, आयुष्यात कधी विळीवर न बसलेली. पण काय तो उत्साह! मिक्सरची घरघर ऐकून कॉलनी जागी व्हायची. अण्णांच्या पँटी सैल झाल्या. दिसेल त्याला ते पट्ट्याचं नवीन भोक दाखवायचे. खरं तर चालणं वाढलं होतं आणि संध्याकाळचा शेव-चिवडा बंद झाला होता, पण श्रेय सगळं दुधीला. मलाही फार आनंद व्हायचा. आपला बाप असा बारीक, तरतरीत झालेला बघून मी मैत्रिणींना मुद्दाम दाखवायचे.

आमच्याकडं एक साधी रीत आहे. काकडी असो की दुधी, बाई चिरायला बसली की आधी देठाकडची चकती कापते आणि जिभेला लावून बघते. कडू लागली की अख्खा दुधी उकिरड्यावर. आई न बोलता करायची, तिची आई करायची, मीही करत होते. ओट्यावरच्या एकाही पुरुषाला हे ठाऊक नव्हतं. आणि त्यांना सांगायला हवं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी क्लास सुटला आणि अण्णा न्यायला आलेच नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मी जवळजवळ पळतच घरी आले. दारात रिक्षा उभी, चाचा आणि आई अण्णांना दोन्हीकडून धरून बाहेर आणताहेत. अण्णांचा चेहरा पांढराफटक, सदऱ्यावर उलटी, आणि उलटीत रक्त. रिक्षात त्यांचा हात हातात घेतला तर तो गार पडलेला.

"सकाळी काय घेतलं होतं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"दुधीचा रस, साब," चाचा म्हणाले. टोपी त्यांनी मुठीत चुरगाळली होती. "आजचा लई कडू होता. मी घोटभर घेतला अन् थुकला, बाकीच्यांनीबी ओतून दिला. म्हटलं, गुरुजी, फेका हे. तर म्हणले, कडू हाय म्हणून तर औषध हाय! आपला ग्लास पिले, माझा फेकू दिला न्हाई, तोबी पिले."

डॉक्टरांनी सलाईन लावता लावताच आम्हाला बजावलं. दुधी वाईट नाही, त्याची भाजी शुगरवाल्यानं खुशाल खावी. पण कडू निघालेला दुधी विषारी असतो, तो कच्चा खायचा नाही, शिजवूनही नाही. आणि ब्लडप्रेशर खूप खाली गेलंय, आत्ताच काही सांगता येणार नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली. मी सलाईनच्या थेंबाकडं बघत राहिले. एवढी घाबरलेली मी भूकंपातही नव्हते.

दुपार कलली तेव्हा नर्सनं पुन्हा प्रेशर घेतलं आणि हसली. वर आलं होतं! मी आईला मिठी मारली, चाचांना मारली, त्या नर्सलाही मारली. कॉरिडॉरमधून धावत जाऊन मंडळाच्या माणसांना ओरडून सांगितलं. कुणीतरी पेढे आणायला निघालं, तेव्हा दुसऱ्यानं आठवण करून दिली की इथं निम्म्यांना शुगर आहे. सगळे डोळे पुसत हसले.

अण्णांनी डोळे उघडले आणि माझ्या सगळ्या भीतीचा राग होऊन बाहेर पडला. "अण्णा, तुम्ही पोरांना शिकवता! चाचा फेका म्हणत होते. जीभ सांगत नव्हती का?"

छताकडं बघत ते हळूच म्हणाले, "माझा बाप शुगरनंच गेला, बाई. आधी पाय तोडला त्यांचा, मग गेले. मी आता त्यांच्याच वयाला आलोय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आज ते कडू लागलं ना, लई आनंद झाला मला. वाटलं, खरं औषध गावलं. आता मी जगतो."

माझा राग कुठल्या कुठं गेला. "पण चाचांचा ग्लास कशाला प्यायलात?"

अण्णा ओशाळं हसले.

"म्हटलं, जरा जास्त जगावं."