होडीच्या फळ्यांची खतपेटी

वडिलांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने बांधलेली एकच गोष्ट म्हणजे परसातली खतपेटी, आणि तिच्यापायी आमच्या घरात रक्त सांडलं.

भुईगावच्या आमच्या वाडीत तेव्हा पानवेली मोजक्याच उरल्या होत्या. अर्धी वाडी आमची, अर्धी काकाची, विहीर सामाईक. वडिलांचा हा धाकटा भाऊ विहिरीचं पाणी टँकरवाल्यांना विकायचा आणि त्यावरून दोघांत रोज जुंपायची. वेली गेल्या तर वाडी बिल्डरच्या घशात, हे वडील जेवताना इतक्यांदा बजावत की आमच्या घशाखाली घास उतरत नसे.

वेलींना घालायची पेंड महाग झाली, म्हणून त्यांनी खत घरीच करायचं ठरवलं. पाचूबंदरहून मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या आणल्या, शेजारी पाडलेल्या घराच्या खिडकीचे गज आणि गंजका पत्रा आणला. खिळे उपटताना ते फळ्यांना आईबहिणीवरून शिव्या देत. पेटीत शेण, केळीची पानं आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मासळी गेली. एरवी बिनमिठाची सुकी मासळी घालत. पण बंदरावर कुणीतरी खाऱ्या मासळीचा झाडलेला चुरा पोतीभर फुकट दिला, आणि फुकट म्हटलं की आमच्या माणसांची अक्कल गहाण पडते.

खत घातलं आणि काही दिवसांत वेलींची पानं कडेने करपली. वडिलांनी बोट काकाकडे दाखवलं. टँकर भरभरून यानेच विहिरीत समुद्राचं खारं पाणी आणलं म्हणाले, उरलेली फळी उचलली आणि वेली बांधत बसलेल्या काकावर धावून गेले. काकाने डोकं वाचवायला हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी कुंपणापाशी ऐकला. वडिलांची मला किळस आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. काका मला कधीच आवडला नव्हता.

प्लास्टर घातलेला उजवा हात गळ्यात अडकवून काका परसात आला तेव्हा आई भांडी घासत होती, वडील पेटीपाशी होते. काकाने पेटीतलं चिमूटभर खत जिभेला लावलं आणि थुंकला.

"दादा, पानी एकाच विहिरीचं. माझ्या वेली हिरव्यागार हायेत. चाखून बघ."

वडिलांनी चाखलं. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि तसंच राहिलं.

"आता मी कोनाचा हात मोडू?" काकाने विचारलं.

वडिलांनी उजवा हात पेटीच्या कडेवर ठेवला. काका मारणार नाही, अशी माझी खात्री होती. त्याने डाव्या हाताने फळी उचलली आणि सगळा जोर लावून मारली. वडील ओरडलेसुद्धा नाहीत. आई किंचाळत रस्त्यावर धावली.

रिक्षा आली तेव्हा काकाच त्यांना धरून आत बसवत होता, आणि दोघंही लहान पोरांसारखे हुंदके देत होते.